काचेतली अकरा वर्षं

ऑल्डर लँडिंग,
रविवार, १५ सप्टेंबर १९१२

प्रिय हालवोर,

अक्षर ओळखलंस का? नसशीलच ओळखलं. अकरा वर्षांत ते बिघडलंय, बोटांना फोटो धुवायच्या औषधांचे डाग पडून पडून ती ताठ झाली आहेत. सही बघायला शेवटचं पान उलटू नकोस, मीच सांगते. मी सिग्ने. आस्लाक फोटोवाल्याची धाकटी बहीण. तुझी तीन पत्रं न फोडता परत पाठवणारी सिग्ने. आता तूही हे पत्र तसंच परत धाडलंस तर फिट्टंफाट होईल, आणि मला तोंड वर करून काही बोलता यायचं नाही. पण माझी विनंती आहे, आधी वाच. ती पत्रं मी का परत पाठवली ते मला सांगायचं आहे, आणि सगळं सांगून झाल्यावर तुला एक गोष्ट विचारायची आहे. मधेच वाचायचं सोडलंस तर ती विचारायची राहून जाईल.

आधी इकडची बातमी. आस्लाकचं फोटो काढायला लाकूडतोड्यांच्या कँपांवर जाणं संपलं. गेल्या महिन्यात तुमच्याच वरच्या उतारावर तो पावसाने भिजलेल्या सालीवरून घसरला, हे तुला ठाऊक असणारच. त्याला खाली आगगाडीपर्यंत उचलून आणणाऱ्या चौघांत तूही होतास म्हणे. कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नाही आणि गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे. डॉक्टर म्हणाले की यापुढे पायऱ्या चढायच्या त्यासुद्धा मोजून. तेव्हा तो आता गावातच बसून फोटो काढणार आहे, बारशाचे, लग्नाचे, मांजर मांडीवर घेतलेल्या आजीबाईंचे. पहिल्याच दिवशी एका बाळाने त्याच्या काळ्या कापडाकडे बघून असं भोकाड पसरलं की आस्लाक लंगडत आत आला आणि म्हणाला, "सिग्ने, दीडशे हात उंचीचं झाड मला बरं. ते निदान रडत तरी नाही." मी हसले खरी. कँपवरून पेट्या यायच्या बंद झाल्या म्हणजे माझं काय बंद झालं, ते त्याला माहीत नव्हतं.

तुला तरी कुठे माहीत आहे? पेटी यायची ती बुधवारी, लाकडं घेऊन खाली उतरणाऱ्या गाडीबरोबर. आस्लाकने काढलेल्या फोटोंच्या बारा बारा काचा, लोकरीच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या. मी दार लावून घ्यायची, लाल दिवा लावायची आणि एक एक काच औषधात सोडायची. तबक हळूहळू हलवत राहायचं, बास. आधी काहीच नसतं. मग आभाळ येतं, ते काळं. मग झाडाचा बुंधा येतो, खोलीएवढा रुंद, आणि सगळ्यात शेवटी माणसं. काचेवर सगळं उलटं असतं, उजेड काळा आणि अंधार पांढरा. तुझे केस काळेभोर, सगळे तुला त्यावरून स्पेनचा म्हणून चिडवायचे, म्हणून काचेवर ते बर्फासारखे पांढरे उमटायचे. तू सव्वीस वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुला म्हातारा बघत आले आहे, हालवोर. बुंध्यात खाच करून ठोकलेल्या फळीवर, जमिनीपासून पुरुषभर उंच, दोन माणसांच्या लांब करवतीची एक मूठ धरून उभा असलेला, काळ्या चेहऱ्याचा आणि पांढऱ्या केसांचा म्हातारा. औषधाच्या पाण्याखालून तो वर यायचा आणि सरळ माझ्याकडे बघायचा. तबक हलवायचं थांबवलं तर डाग पडतात, म्हणून मी हलवत राहायची, आणि तूही पाण्यात थोडा थोडा हलायचास.

तो एक हिवाळा आठवतो का? तू तेव्हा लाकडी कौलांच्या गिरणीत होतास आणि आमच्या शेजारच्या लुंडबाईंच्या खानावळीत राहायचास. सीडरच्या भुशाने दिवसभर शिंकत असायचास. आस्लाक आठवडे आठवडे रानात, तुमची कधी गाठच पडली नाही. काचा धुवायला पाणी लागायचं, ते तू पंपावरून आणून द्यायचास आणि अंधाऱ्या खोलीच्या दाराबाहेर बादली ठेवून तिथेच बसायचास. दार उघडता यायचं नाही. आपलं अर्धं प्रेम बंद दाराच्या अलीकडे-पलीकडे बसूनच झालं. तू तुझ्या गावच्या नदीबद्दल सांगायचास, मी तुला आईच्या हातच्या बटाट्याच्या पातळ पोळ्यांबद्दल, लेफ्सेबद्दल, आणि एकदा तर मी आत लेफ्सेची चव सांगत असताना तू बाहेर लुंडबाईंची खरी लेफ्से खात होतास. चावण्याच्या आवाजावरून मी पकडलं. त्याच दारातून तू मला लग्नाचं विचारलंस. मी काय म्हणाले? म्हणाले, "चार मिनिटं थांब, काच औषधात आहे." तू थांबलास. चार मिनिटं एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं गेलास की काय, म्हणून दार उघडून पाहिलं तर तू तिथेच होतास, बादलीवर पालथी मूठ ठेवून.

हो म्हणाले मी, पण त्या होला शेपूट लावलं. आस्लाकने मला मायदेशाहून इथे आणलं होतं, स्टुडिओ नुकता उभा राहत होता, काचा धुणारं दुसरं कोणी नव्हतं. त्याला आत्ताच काही कळू द्यायचं नाही, एक वर्ष जाऊ दे, असं मीच म्हणाले. तू कुरकुरलास. "तुझ्या भावाला मी काय चोर वाटेन काय? समोर जाऊन विचारतो की." मी नको म्हणाले. मी घाबरट होते, हालवोर, हे आज सरळ कबूल करते. मग तूही रानात गेलास, झाडं पाडायच्या कामावर, आणि त्याच उन्हाळ्यात आस्लाक पहिल्यांदा तुमच्या कँपवर आला. घरी येऊन मला म्हणाला, "एक उंच गडी भेटला बघ. असा स्थिर उभा राहतो की त्याच्यापुढे झाड हलल्यासारखं वाटतं." मी बशा पुसत होते. "हो का?" म्हणाले आणि पुसलेलीच बशी परत पुसली.

आता ती काच. नंबर दोनशे बारा. ऑक्टोबरमध्ये आली. मोठं फरचं झाड, बुंध्याला खाच पाडून झालेली, आणि बुंध्याशी तू. तुझ्या दंडावर हात ठेवून एक बाई उभी होती. पुढे तीन-चार वर्षांची मुलगी, आणि तिच्या डोक्यावर तुझा हात. बाई हसत होती. पोट थोडं पुढे आलेलं, म्हणजे दुसरं मूल वाटेवर. मी ती काच औषधातून काढली, पाण्याखाली धरली आणि किती वेळ धरून उभी होते कोण जाणे. मुलगी तीन-चार वर्षांची, म्हणजे माझ्या दारात बसत होतास तेव्हाही या दोघी कुठेतरी होत्याच, असा हिशेब मी क्षणात मांडला. आस्लाकला विचारायचं तर कसं? त्याला विचारलं असतं तर मी का विचारते आहे ते सांगावं लागलं असतं. तुला विचारायचं तर त्यासाठी लागणारं मन त्या दिवशी माझ्याजवळ नव्हतं. मी ती काच उचलली आणि दगडी मोरीवर आपटली. आस्लाकला सांगितलं, हातातून निसटली. तो आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. पुढच्या पेटीबरोबर तुझं पत्र आलं, ते परत केलं. मग दुसरं, मग तिसरं. चौथं आलं नाही.

आणि इथे मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते, कारण फोटोवाल्याच्या घरात राहून मला एक गोष्ट सगळ्यात आधी कळायला हवी होती. झाड नुसतं काढलं तर फोटोत ते किती मोठं आहे ते कळत नाही. शेजारी माणूस लागतो. मोठ्या माणसाने भागत नसेल तर बाई उभी करायची, बाईने भागत नसेल तर पुढे मूल. आस्लाक हे नेहमी करतो, सगळेच फोटोवाले करतात. मी हजारो काचा धुतल्या. हिशेबनीसाच्या शेजारी धोबीण उभी केलेली, पाद्रीबाबांच्या मांडीवर मुकादमाचं पोर बसवलेलं, हे सगळं मी बघून हसत आले. मला ठाऊक होतं की कँपच्या फोटोत कोण कोणाशेजारी उभं आहे याला काडीचा अर्थ नसतो. फक्त त्या एका काचेच्या वेळी मला ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी तुला विसरले असते तर बरं झालं असतं. पण विसरायचं कसं? तू दर पेटीत यायचास. तुला काढून टाकायचं तर झाडही काढून टाकावं लागलं असतं. दोन वर्षं मी तुझ्यावर चिडत काचा धुतल्या, मग चिडायचा कंटाळा आला, आणि मग, लाज वाटते सांगायला, मी बुधवारची वाट बघायला लागले. तुझा मिशीचा वर्षभराचा हट्ट मी पाहिला. बरं झालं काढलीस, शोभत नव्हती. चौथ्या वर्षी तुझ्या डाव्या हाताला पट्टी होती आणि पुढच्या पेटीत पट्टी सुटली तेव्हा करंगळी नव्हती. त्या दिवशी मी काम टाकून नदीवर जाऊन बसले. करवतीच्या दुसऱ्या टोकाला असणारा तो ठेंगू फिनलंडवाला एका वर्षी दिसेनासा झाला आणि नवा कोणी आला. तुझे खांदे त्या हिवाळ्यात उतरलेले होते, तेव्हा तो नुसता काम सोडून गेला नसावा एवढं मला कळलं. आणि यंदा काचेवर तुझ्या कानांच्या वर काळं दिसायला लागलं. काचेवर काळं म्हणजे डोक्यावर पांढरं. म्हणजे आता कुठे तू खरा म्हातारा व्हायला लागलास.

पाद्रीबाईंनी माझ्यासाठी एक विधुर सुतार शोधला होता. चांगला माणूस. चहाला आला, माझे हात बघितले आणि विचारलं, "हे डाग जाणारे आहेत ना?" मी म्हणाले, जाणारे नाहीत. तो केक संपवून गेला. आस्लाक म्हणाला, "अगं, खोटं बोलायचं होतंस." पण मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. खरं सांगू का, माझं मन त्या अंधाऱ्या खोलीत रमलं होतं. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या आहेत आणि त्यांवर तीन हजार काचा उभ्या आहेत. बाहेर खिडकीतून बघितलं तर डोंगर उघडे पडलेत, नजर जाईल तिथे बुंधे. पण आत ती सगळी झाडं अजून उभी आहेत. रिकाम्या दुपारी मी एखादी काच खिडकीशी धरते आणि त्या रानात हिंडून येते. तिथे उजेड काळा असतो, पायवाटा पांढऱ्या, आणि कुठेही गेलं तरी एका फळीवर तू भेटतोस. मला कितीदा वाटलं की हेच माझं सासर आणि हेच माहेर.

आता गेल्या मंगळवारचं. न्याहारीनंतर आस्लाक पाय स्टुलावर ठेवून नोंदवही वाचत होता आणि मी काचा नंबराप्रमाणे लावत होते. दोनशे अकराच्या मागे दोनशे तेरा आला. तो म्हणाला, "ती तू फोडलेली. बिचारा मलॉय." मी विचारलं, कोण मलॉय? "कँपचा स्वयंपाकी गं. आयर्लंडचा. त्याची नोरा आणि त्यांची किटी, दोघींना झाडाशी उभं केलं होतं. फोटो आपल्या आईला पाठवणार होता. मी रिकाम्या हाताने गेलो तेव्हा नोराने मला महिनाभर जळकी भाकरी वाढली." मी विचारलं, मग तो उंच माणूस तिच्याजवळ का होता? आस्लाक हसायलाच लागला. "मलॉय केवढासा! झाडापुढे तो बटाट्यासारखा दिसायला लागला. म्हणून त्याला काढला आणि हालवोरला घातला. तो कुठे तयार होता? म्हणतो, मी नाही दुसऱ्याच्या बायकोशेजारी उभा राहत, बघणाऱ्याला काय वाटेल. मी म्हटलं, अरे बाबा, बघणारं आहेच कोण? तेव्हा कुठे मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तोही असा, की जणू निखारा आहे." मी काचा खाली ठेवल्या. आस्लाकला काही दिसलं नाही, तो आपल्या नादात बोलत होता. "लग्न? हालवोरचं? छे. त्याला मी कितीदा म्हटलं, गावात ये, बघतो कोणीतरी. हसतो नुसता. एक खोड मात्र आहे हं त्याला. दर वेळी विचारतो, ही काच धुणार कोण? इतकी वर्षं तेच. मी म्हणतो, कोण धुणार, माझी बहीण धुते. की लगेच टोपी काढून खाली टाकतो आणि खिशातल्या फणीने भांग पाडतो. बाकीचे त्याची टर उडवतात. याला ढिम्म नाही."

मी उठून अंधाऱ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. धुवायला एकही काच नव्हती. आस्लाकने बाहेरून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, औषधाचा वास डोळ्यात गेला. मग माझं मलाच लाजिरवाणं वाटलं. अडतिसाव्या वर्षीही मी त्याच्याशी खोटंच बोलत होते. बाहेर आले आणि त्याला सगळं सांगितलं, पाण्याच्या बादलीपासून मोरीवर आपटलेल्या काचेपर्यंत. त्याने दुखरा पाय स्टुलावरून खाली घेतला. मग म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं तुमची टपालं मी पाठीवरून वाहत होतो आणि मला कोणी चहासुद्धा पाजला नाही." आणि मग, नोंदवहीत बघत, हळूच, "एकदा तरी मला विचारायचं होतंस, पोरी." त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

सगळ्या रांगेत टोप्या आणि तू एकटा उघड्या डोक्याचा, हे मी अकरा वर्षं बघत होते, हालवोर. मला वाटायचं, किती नटवा झालाय हा, बायकोने चढवून ठेवला असेल. परत आलेली तीन पत्रं हातात घेऊनसुद्धा तू दर वेळी भांग पाडत राहिलास. माझ्याकडून एक ओळही नाही, आणि तू मात्र काचेत येऊन मला भेटत राहिलास. तुला काय वाटत असेल ते मी या आठवड्यात रोज मनात आणायचा प्रयत्न करते, आणि मधेच सोडून देते, कारण सोसवत नाही. माझं चुकलं. एकदा नाही, तीनदा चुकलं, आणि मग अकरा वर्षं रोज. माफी मागते आहे. अशा चुकीला माफी असते की नाही ते मला ठाऊक नाही.

या पत्राचं उत्तर मी मागत नाही. हे पत्र उद्या गाडीच्या रिकाम्या डब्यांबरोबर वर येईल आणि गुरुवारी त्याच गाडीने मी येईन. कंपनीला या मोसमाचे शेवटचे फोटो हवे आहेत, आस्लाकला चढवत नाही, तेव्हा कॅमेरा, तिपाई आणि सहा काचा घेऊन मी येणार आहे. तीन दिवस अंगणात कापड डोक्यावर घेऊन लुंडबाईंच्या कोंबड्यांवर हात बसवते आहे. मुकादम तुम्हाला झाडाशी उभं करेल, मी भिंगावरचं झाकण काढीन आणि मोठ्याने दहापर्यंत मोजीन. तुझा राग गेला नसेल, किंवा आता फार उशीर झाला असं तुला वाटत असेल, तर नेहमीसारखा उभा राहा, जरासुद्धा हलू नकोस. फोटो छान येईल. मी काच पेटीत ठेवीन, तुम्हा सगळ्यांचे आभार मानीन आणि संध्याकाळच्या गाडीने खाली जाईन, आणि आयुष्यात कधी तुला एका शब्दाने बोल लावणार नाही. पण तसं नसेल, तर दहाची वाट बघू नकोस. चार म्हटलं की करवत सोड, पाच म्हटलं की फळीवरून उतर आणि सरळ कॅमेऱ्याकडे चालत ये. काचेवर तुझ्या जागी नुसता धुराचा पट्टा उमटेल, मुकादम ओरडेल, ओरडू दे. मला तुला विचारायचं आहे ते एवढंच, की ती एक काच तू बिघडवशील का?

तुझीच,
सिग्ने